अक्षराला पाय फुटले तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परभणीच्या मोंढ्यात सकाळच्या वेळी एक चक्कर मारली, तर वाचायला काय काय मिळतं पाहा. आडत दुकानांच्या पाट्या, पोत्यांवर पत्र्याच्या साच्यातून काळ्या रंगात उमटवलेली नावं, बियाण्याच्या जाहिरातीची रंगवलेली भिंत, ट्रॅक्टरच्या तोंडावरचं नाव, कुस्त्यांचं पोस्टर, हरिनाम सप्ताहाचं पोस्टर आणि या सगळ्यांना झाकून टाकणारे वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक. हे सगळं आपण वाचतो. पण ते ज्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्या अक्षराकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. आज मी तिकडेच लक्ष वेधणार आहे. विषय आहे जाड अक्षराचा. दुरून वाचायच्या, भिंतीवरून हाक मारणाऱ्या अक्षराचा.

अडचण एकच आहे. रेडिओवर अक्षर दाखवता येत नाही. म्हणून थोडी कल्पना करू. इंग्रजीतला मोठा ‘आय’ डोळ्यांसमोर आणा. एक उभी काठी. आता या काठीच्या खाली तिच्याइतक्याच जाडीची एक आडवी पट्टी ठेवा आणि वरही तशीच एक ठेवा. झालं आपलं अक्षर तयार. घराच्या खांबाखाली दगड आणि वर तुळई असावी, तसं ते दिसतं. इंग्रजीत अक्षराच्या टोकाला असलेल्या अशा पायाला ‘सेरिफ’ म्हणतात. तो पाय जाड, सपाट आणि चौकोनी असला की त्याला ‘स्लॅब सेरिफ’ म्हणतात. स्लॅब हा शब्द आपल्याला नवा नाही. गावात कुणाच्या घराचा स्लॅब पडतो तेव्हा मिस्त्रीला गोड जेवण असतं. तोच हा स्लॅब, अक्षराच्या पायाशी टाकलेला.

आणि हे अक्षर तुम्ही पाहिलेलंही आहे. मोटारसायकलच्या टाकीवरचं ‘होंडा’ हे इंग्रजी नाव आठवा. दूरचित्रवाणी संचावरचं ‘सोनी’ आठवा. तहसील कचेरीसमोर झाडाखाली बसणाऱ्या टंकलेखकाच्या यंत्रातून निघालेला इंग्रजी अर्ज आठवा. या तिन्ही ठिकाणी अक्षरांना पाय आहेत, आणि ते भक्कम आहेत.

भिंतीसाठी जन्मलेलं अक्षर

हे पाय अक्षराला फुटले कधी? त्यासाठी दोनशे वर्षं मागे, लंडनला जावं लागतं. तोवर युरोपात छपाई म्हणजे मुख्यतः पुस्तकं. पुस्तक हातात धरून वाचायचं असतं, त्यामुळे त्याचं अक्षर नाजूक असलं तरी चालतं. उभी रेघ जाड, आडवी रेघ केसासारखी बारीक, अशी त्या काळच्या अक्षरांची फॅशन होती. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कारखाने आले, माल आला, आणि माल आला की त्याची जाहिरात आली. नाटकवाले, लॉटरीवाले, घोडागाड्यांच्या सेवा चालवणारे, सगळ्यांना रस्त्यावरच्या माणसाला थांबवायचं होतं. त्यांनी पुस्तकातलं अक्षर नुसतं मोठं करून पाहिलं, तर दहा पावलांवरून त्यातल्या बारीक रेघा नाहीशा व्हायच्या आणि नुसत्या काठ्या उरायच्या.

मग ठसे पाडणाऱ्यांनी बारीक रेघाच जाड केल्या. व्हिन्सेंट फिगिन्स या लंडनच्या टाइप ओतणाऱ्याच्या नमुनापुस्तकात १८१५च्या सुमारास असं अक्षर पहिल्यांदा दिसतं. नेपोलियनच्या १७९८च्या इजिप्त मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचं वेड पसरलं होतं, म्हणून पुढे या घराण्याला ‘इजिप्शियन’ हे नाव चिकटलं. पिरॅमिडशी त्याचा काही संबंध नव्हता. बाजारात जे नाव चालतं ते लावायचं, ही रीत तेव्हाही होतीच.

या अक्षराचा पहिला मोठा मालक कोण, तर जाहिरात. त्यात सरकारी लॉटरीच्या जाहिराती भडक म्हणून प्रसिद्ध होत्या. ती लॉटरी इंग्लंडमध्ये १८२६ साली बंद झाली. पोस्टरं मोठी होत गेली तसे शिशाचे ठसे परवडेनात. वीतभर उंचीचं शिशाचं अक्षर जड, महाग, आणि थंड होताना त्याचा पृष्ठभाग खचतो. १८२७ साली न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने यंत्राने लाकूड कोरून मोठे ठसे काढायला सुरुवात केली. लाकडी ठसा हलका आणि स्वस्त. मग सर्कस असो की लिलाव, जाड पायाचं अक्षर गावोगाव पोचलं.

१८४५ साली लंडनच्या रॉबर्ट बेस्लीच्या कारखान्यातून ‘क्लॅरेंडन’ नावाचं अक्षर निघालं. त्याने जाड पाय अक्षराला थोडा गोलवा देऊन जोडला आणि हा ठसा कायद्याने नोंदवून घेतला. संरक्षण मिळालं फक्त तीन वर्षांचं. ती सरताच सगळ्यांनी त्याची नक्कल केली. पण क्लॅरेंडनने एक नवं काम केलं, ते महत्त्वाचं आहे. साध्या मजकुरातच एखादा शब्द ठळक करायचा, शब्दकोशात मुख्य शब्द जाड आणि अर्थ बारीक छापायचा, ही आज आपल्याला इतकी साधी वाटणारी गोष्ट या अक्षराने रूढ केली. भिंतीवरचं अक्षर असं पुस्तकात शिरलं. ठळक म्हणजे ‘इकडे बघा’ ही खूण झाली.

यानंतरचा टप्पा जर्मनीतला. १९२७मध्ये पॉल रेनरने कंपास आणि पट्टी घेऊन काढल्यासारखं ‘फ्युचुरा’ हे बिनपायाचं अक्षर आणलं. दोनच वर्षांनी, १९२९ला, रुडोल्फ वोल्फने त्याच भूमितीला चौकोनी पाय लावले आणि नाव ठेवलं ‘मेम्फिस’. इजिप्तमधलं प्राचीन शहर. जुनी गंमत पुढे चालू! १९३४ला इंग्लंडमध्ये ‘रॉकवेल’ आलं, १९७४ला अमेरिकेत हर्ब लुबालिनचं ‘लुबालिन ग्राफ’. संगणकाच्या जगातल्या आयबीएम कंपनीचं नाव पॉल रँडने १९५६ साली रेखाटलं, तेही गेओर्ग ट्रम्पच्या ‘सिटी’ या चौकोनी पायाच्या जर्मन अक्षरावरून. यंत्र, कारखाना, इमारत, वाहन अशा ठिकाणी हे अक्षर शोभतं. त्यात हाताचा थरथराट नाही, लेखणीचा कल नाही. ‘ओ’ म्हणजे वर्तुळ, काठी म्हणजे काठी, पाय म्हणजे फरशी.

पण यात एक गंमत आहे. या अक्षराच्या सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या दिसतात. प्रत्यक्षात तशा नसतात. माणसाच्या डोळ्याला आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा जाड भासते. म्हणून रेखाटणारा आडवी रेघ किंचित बारीक काढतो. वर्तुळ चौकोनापेक्षा लहान भासतं, म्हणून ‘ओ’ ओळीच्या थोडा बाहेर काढतो. कंपासने काढल्यासारखं दिसावं, म्हणून कंपास बाजूला ठेवावा लागतो.

उभी लिपी, लोंबती लिपी

आता परभणीला परत येऊ. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, घरात आणि बाजारात मराठी, वरच्या व्यवहारात इंग्रजी. या तीन लिप्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, की आपल्या विषयातली मुख्य अडचण दिसते. इंग्रजी अक्षर ओळीवर उभं राहतं. देवनागरी अक्षर ओळीला लोंबतं. उर्दूचं नस्तालीक तर उताराला लागल्यासारखं वरून खाली तिरकं घसरत येतं. जे उभं राहतं त्याला पाय हवेत. जे लोंबतं त्याला पायांचं काय काम?

म्हणजे स्लॅबचं अक्षर देवनागरीत आणायचं तर स्लॅब लावायचा कुठे? काहींनी ‘म’ आणि ‘स’च्या काठीखाली इंग्रजीसारखे चौकोनी पाय लावून पाहिले. ते बूट घातलेल्या विठोबासारखे दिसतात. खरं तर आपल्या अक्षराला स्लॅब आधीपासून आहे, फक्त तो डोक्यावर आहे. तिला आपण शिरोरेघ म्हणतो. ओळीतली सगळी अक्षरं तीच एकत्र बांधते. मोडी लिहिणारे कारकून तर आधी कागदभर रेघा ओढून घेत आणि मग त्याखाली अक्षरं लिहीत. घर बांधण्याआधी स्लॅब टाकणारे ते एकमेव कारागीर म्हणायचे!

मराठी छपाईचा आरंभही पुस्तकांपासून झाला. विल्यम कॅरीचं मराठीचं व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला देवनागरी ठशांत छापलं गेलं. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅमने देवनागरी ठसे सुधारले. गणपत कृष्णाजींनी १८३१ला पंचांग शिळाछापावर छापलं आणि पुढे स्वतःचे ठसे पाडले. याच मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर ठसे घासायला लागलेला एक पोरगा पुढे जावजी दादाजी म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांनी १८६४ला टाइपांचा कारखाना काढला, १८६९ला निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या हातचे निर्णयसागरचे ठसे इतके देखणे होते, की पुढची कित्येक दशकं देवनागरी म्हटलं की तेच वळण डोळ्यांसमोर येई. ते वळण पोथीचं, बोरूचं होतं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, त्यामुळे रेघ कुठे जाड, कुठे बारीक. हातात धरून वाचायला यासारखं दुसरं अक्षर नाही.

पण नाटक कंपन्या, तमाशाचे फड, कुस्त्यांचे आखाडे, सर्कशी, निवडणुका यांना भिंतीवरचं अक्षर हवं होतं. लंडनच्या छापखानेवाल्यांसमोर जो प्रश्न आला, तोच आपल्याकडेही आला. तिथे बारीक रेघ जाड केली आणि प्रश्न सुटला. आपल्याकडे ती जाड करताच नवा प्रश्न उभा राहिला.

‘भव्य’चं ‘मव्य’ होऊ नये म्हणून

परभणीत ट्रेडल मशीनवर छपाई चालत असे, त्या काळात मी काही वर्षं एका लहान छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम केलं. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. केसमधून एकेक खिळा उचलायचा, स्टिकमध्ये ओळ जुळवायची, फर्मा बांधायचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं ही आमची रोजची कामं. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस आला, की पोस्टरांचं काम वाढे. त्यासाठी लाकडी ठसे काढले जात. पोस्टरवरचा सगळ्यात लाडका शब्द कोणता, माहीत आहे? ‘भव्य’. भव्य कुस्त्या, भव्य कव्वाली, भव्य कीर्तन महोत्सव, भव्य पशुप्रदर्शन. आणि आमची सगळी कसोटी या एका शब्दात असे.

‘भ’ आणि ‘म’ शेजारीशेजारी काढून पाहा. फरक केवढा? ‘भ’ची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते आणि तिथे एक छोटी गाठ असते. ‘ध’ आणि ‘घ’मध्येही तोच फरक, ‘थ’ आणि ‘य’मध्येही तोच. तीन जोड्या, आणि प्रत्येक जोडीचं वेगळेपण टिकवणारी जागा म्हणजे शिरोरेघेतली एक इवलीशी फट. पुस्तकाच्या अक्षरात ती फट स्पष्ट दिसते. अक्षर जाड केलं की दोन्ही बाजूंनी काळं चढतं आणि फट अरुंद होते. वर रूळावर शाई जरा जास्त झाली, कागद हलका असला, की फट बुजतेच. मग ‘भव्य’चं ‘मव्य’ होतं, ‘धान्य’चं ‘घान्य’ होतं आणि कापसाच्या ‘भावा’चा ‘माव’ होतो. म्हणून छापखान्यात टोकदार टोचा जवळच ठेवलेला असे. दर शे-दोनशे प्रतींमागे मशीन थांबवून ‘भ’च्या डोक्यातली शाई टोकरून काढायची. पोस्टर वाचणाऱ्याला हे कधी कळत नसे. कळू नये, हेच आमचं काम होतं.

तीच गत पोटाची. ‘व’च्या पोटात एक तिरपी रेघ दिली की ‘ब’ होतो. जाड अक्षरात ती रेघ पोट भरून टाकते आणि दुरून ‘ब’चा नुसता काळा गोळा दिसतो. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ष्ट’ यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. एकावर एक मजले आणि खिडकी एकही नाही. ‘ठ’ मात्र सुखी. वर रेघ, खाली गोल. भूमितीचं अक्षर काढणाऱ्याला देवनागरीत सगळ्यात आधी ‘ठ’ आवडतो, आणि ‘झ’ किंवा ‘ह’ काढायची वेळ आली की कंपास ठेवून द्यावा लागतो.

मला यातून कळलं ते एवढंच. जाड अक्षर काळ्यावर उभं नसतं, ते आतल्या पांढऱ्यावर उभं असतं. काळं कितीही वाढवा, पांढरं राखता आलं तर अक्षर वाचता येतं.

हे गुपित छापखान्याआधी पेंटर मंडळींना ठाऊक होतं. जिल्ह्याच्या गावांत दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर आधी खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारत असे. वर एक रेघ, खाली एक रेघ. मग चपट्या ब्रशने चौकोनी ठोकळ्यासारखी अक्षरं भरायची. मोडी कारकुनासारखीच आधी शिरोरेघ! पण ‘ध’ आणि ‘भ’ आले, की चांगला पेंटर तिथे रेघ ठळकपणे तोडायचा, गाठ थोडी मोठी करून वर वळवायचा. पोट भरेल असं वाटलं तर अक्षर रुंद करायचा, आडवी रेघ उभीपेक्षा किंचित बारीक ठेवायचा. मेम्फिस आणि रॉकवेल काढणाऱ्यांनी जे केलं, तेच हा माणूस शिडीवर उभा राहून, कुठल्याही पुस्तकावाचून करत होता.

मराठीत या विषयाचा शास्त्रीय अभ्यासही झाला. शासकीय मुद्रणालयाची धुरा सांभाळलेल्या बापूराव नाईक यांनी देवनागरी ठशांवर लिहिलेला तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९७१ला प्रसिद्ध झाला. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी देवनागरीला संगणकापर्यंत नेलं. अनेक वर्षं आपल्या संगणकांवर असलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी प्रत्येक नाटकाच्या नावाला स्वतःचा चेहरा दिला. २०२० साली ते गेले. वर्तमानपत्राच्या पानावर त्यांचं जाड अक्षर कितीही दाटीत असलं तरी गुदमरत नसे. कारण कुठे कापायचं हे त्यांना माहीत होतं.

बटणावरचं ठळक

मग संगणक आला. पुण्याच्या सीडॅकने आणि ‘श्रीलिपी’सारख्या प्रणालींनी मराठी छपाईचा कायापालट केला. खिळे भंगारात गेले. त्याचं दुःख मी उगाळणार नाही. शिशाची धूळ श्वासातून आत जाई, डोळे जात, पाठ जाई. गेलं ते बरंच झालं. पण एक गोष्ट मात्र बिघडली. संगणकात ‘बोल्ड’ नावाचं बटण आलं.

ज्या फॉन्टला जाड भाऊ काढून दिलेला आहे, तिथे हे बटण त्या भावाला बोलावतं. पण जिथे तो नाही, तिथे संगणक मूळ अक्षराच्या कडेनेच सगळीकडून सारखं काळं चढवतो. त्याला ‘भ’ची फट कळत नाही, ‘ब’चं पोट कळत नाही. तसंच अक्षर आडवं ताणण्याचं. ताणलं की उभ्या काठ्या जाड होतात आणि शिरोरेघ होती तेवढीच राहते. फ्लेक्सच्या फलकांवर आज जी विचित्र अक्षरं दिसतात, त्यातली बरीच या दोन युक्त्यांची लेकरं आहेत. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये पुस्तकाचं अक्षर नुसतं फुगवून भिंतीवर लावण्याचा जो प्रयोग फसला, तो आपण रोज करतो.

अर्थात दुसरी बाजूही आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठी अक्षरासाठी नव्या पिढीने फार चांगलं काम केलं आहे. ‘एक टाइप’ या गटाचा ‘मोदक’ पाहा. नावाप्रमाणेच गुबगुबीत. एवढं जाड देवनागरी अक्षर क्वचितच कुणी काढलं असेल. पण आतल्या पांढऱ्याची एक बारीक रेघ त्यांनी शेवटपर्यंत जिवंत ठेवली आहे. ‘यात्रा’ हा फॉन्ट मुंबईच्या लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून निघाला. म्हणजे पेंटरचा चपटा ब्रश अखेर संगणकात गेला. ‘कर्मा’ या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराला सपाट, भक्कम पाय आहेत आणि त्याच्या जोडीच्या देवनागरीला तसे पाय न लावता रेघेची जाडी आणि ठेवण जुळवून घेतली आहे. आपल्या मघाच्या प्रश्नाचं ते एक सभ्य उत्तर आहे. हे तिन्ही फॉन्ट फुकट मिळतात. परभणीच्या फ्लेक्सवाल्याने आज ठरवलं तर आजच ते त्याच्या संगणकावर येतील.

‘ल’ आणि ‘श’ यांचं मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळं आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची रूपं ठरवून दिली, त्यात तेही आलं. आपल्या दुकानाच्या पाटीवर ‘लक्ष्मी’ कोणत्या ‘ल’ने लिहिलेली आहे, हे एकदा पाहा.

ठळक कुणाच्या वाट्याला?

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. ठळकपणा ही वाटून द्यायची गोष्ट आहे. पानावर, पाटीवर, पिशवीवर जागा मर्यादित असते. एकाला जाड केलं की दुसरा आपोआप बारीक होतो. कुणाला जाड करायचं, हे कुणीतरी ठरवतं.

१९५१च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरातले जेमतेम नऊ जण साक्षर होते. आमच्या भागातली कितीतरी माणसं शाळेच्या पुस्तकाआधी पाटीवरून, पोत्यावरून, एसटीच्या फलकावरून अक्षर ओळखायला शिकली. त्यांच्यासाठी जाड अक्षर ही सजावट नव्हती, ती पायरी होती. आजही डोळ्यांवर चष्मा नसलेला म्हातारा बसच्या फलकावर ‘जिंतूर’ आणि ‘सेलू’ वेगळं ओळखतो, ते अक्षराच्या ठणठणीतपणामुळे.

राज्यात २०२२ला कायदा दुरुस्त होऊन सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली आणि २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने ती लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी अक्षराचा आकार दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नसावा, असं कायदा म्हणतो. चांगलंच आहे. पण एकाच उंचीची दोन चौकटी घ्या. इंग्रजीची मोठी अक्षरं ती चौकट वरपासून खालपर्यंत भरतात. देवनागरीला त्याच उंचीत वरची वेलांटी आणि खालचा उकार बसवायचा असतो, त्यामुळे अक्षराच्या मुख्य अंगाला अर्ध्याहून थोडीच अधिक जागा मिळते. मापात सारखं असूनही मराठी लहान दिसतं. कायदा उंची मोजतो. डोळा पांढरं मोजतो.

आणि कीटकनाशकाची बाटली. तिच्यावर कायद्याने रंगीत चौकट असते. लाल, पिवळी, निळी, हिरवी, अशी विषाच्या तीव्रतेप्रमाणे. सोबत घडी घातलेलं माहितीपत्रक असतं, त्यात प्रादेशिक भाषेतही मजकूर असतो. औषधाचं नाव मात्र अंगठ्याएवढ्या जाड अक्षरात आणि तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, रिकाम्या पोटी फवारू नका, हे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती, ती अक्षरात शोधणं बरोबर होणार नाही. पण त्यानंतर मी कधीही अशी बाटली हातात घेतली, की जाड काय आहे आणि बारीक काय आहे, हे आधी पाहतो. लंडनच्या लॉटरीवाल्यांसाठी जन्मलेलं अक्षर अजून विकणाऱ्याचीच चाकरी करतंय, असं वाटतं.

ते बदलणं फार अवघड नाही. ग्रामपंचायतीचा फलक असो, शाळेची सूचना असो, आरोग्य केंद्राची पाटी असो की बचत गटाच्या लोणच्याचं लेबल, छापायला देण्यापूर्वी दोन गोष्टी करा. नमुना भिंतीला लावा आणि दहा पावलं मागे या. तिथून ‘भ’, ‘ध’ आणि ‘थ’ ही तीन अक्षरं वाचता आली तर फॉन्ट चांगला आहे. आणि मग स्वतःला विचारा की यातल्या कोणत्या एका ओळीसाठी वाचणाऱ्याने थांबायला हवं. तेवढीच जाड करा. बाकीच्या ओळींना साधं राहू द्या, आणि सगळ्यांच्या भोवती थोडी मोकळी जागा सोडा.